ताइस्तोची सासू आणि वाटेतला बुडखा

ताइस्तो कुओस्मानेन रिकामा बसलेला गावात कुणी पाहिला नव्हता. उभा जन्म त्यानं दुधाच्या टँकरवर काढला. पहाटे गोठ्यागोठ्यांतून दूध उचलायचं, डेअरीत ओतायचं आणि दुपारी घरी येऊन कोठारात शिरायचं. पेन्शन सुरू झाल्यावर फरक पडला तो एवढाच, की गडी सकाळपासूनच कोठारात शिरायला लागला. आत वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, आणि गावानं टाकून दिलेल्या लोखंडाचा ढीग. या ढिगातून काय काय बाहेर पडलं म्हणून सांगू. बाबागाडीच्या चाकांवर चालणारं बटाटे लावायचं यंत्र. धुलाई मशीनच्या मोटरवर लाकडं फोडणारा स्क्रू. एकदा तर त्यानं बर्फ उडवायची अशी चक्की केली की तिनं पहिल्याच दिवशी शेजाऱ्याच्या खिडकीत बर्फ भरला.

शेजारी म्हणजे पेन्ती हिर्वोनेन. खिडकी बदलायला ताइस्तो गेला तेव्हा पेन्तीनं त्याला कॉफी पाजली आणि म्हणाला, "बर्फ लांब जातो हं तुझा." तेवढंच. आमच्या सावो भागात याला भांडण म्हणतात.

कारण सावोत सरळ बोलायची पद्धतच नाही. 'हो' आणि 'नाही' हे शब्द आम्ही पाहुण्यांसाठी राखून ठेवलेत. आपल्या माणसाशी बोलताना सगळं आडून, वळसा घालून, निम्मं गिळून. समोरच्यानं काय घ्यायचं ते घ्यावं, चुकीचं घेतलं तर त्याचं नशीब.

सरळ बोलायची जागा एकच, सौना. अंगावर कपडा नाही, अंधुक उजेड, आणि तापल्या दगडांवर पाणी पडलं की वाफेत समोरच्याचं तोंडही धड दिसत नाही. मग माणूस बोलतो. ताइस्तोचा सौना घरापासून खाली, तळ्याकाठी. बापानं बांधलेला, ओंडक्यांचा, काळाकुट्ट. त्याची बायको इर्या हिला दिवस गेले होते ते तिनं तिथंच सांगितलं. गाई विकायचं तिथंच ठरलं. आई गेली तेव्हा ताइस्तो एकदाच काय तो रडला, तोही तिथंच. दर शनिवारी दोघं वाट उतरून खाली जायची आणि आठवडाभराचं साठलेलं बोलून, लालबुंद होऊन वर यायची.

तर अशी ही इर्या. जन्मभर गावाचं टपाल वाटलेली बाई. उन्हाळ्यात सायकलवर, थंडीत घसरगाडी ढकलत, आणि बर्फ फारच झाला तर पायी. तिच्या चालण्यापुढं तरणी पोरं धापा टाकायची. ती बाई गेल्या हिवाळ्यात स्वतःच्याच टपालपेटीपाशी घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली.

ऑपरेशन झालं, घरी आली. सोबत दवाखान्यानं एक चाकांची खुर्ची दिली. गाडीतून उतरताना इर्यानं खाली तळ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "यंदा सौना तुला एकट्यालाच तापवावा लागणार."

"बघू," ताइस्तो म्हणाला.

इर्यानं आयुष्यात कधी हात टेकले नव्हते, आणि आता टेकले असं त्याला वाटलं. त्या दिवसापासून त्यानं सौना पेटवला नाही. कुणी विचारलं तर धुराडं नादुरुस्त आहे म्हणायचा. धुराड्याला काय झालं होतं? काही नाही. एकट्यानं त्या बाकावर बसायची त्याची छाती होत नव्हती. घरात न्हाणीघर होतं, शॉवर होता. शॉवरखाली अंग स्वच्छ होतं, बाकी काही नाही.

खुर्चीचंही तसंच. इर्या तिच्याकडं बघायची नाही. तिच्यावर ओले कोट वाळत घालायची.

पण ताइस्तोच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. जूनमधल्या योहानुसच्या सणाला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, इर्याला सौनात न्यायचं. खुर्चीतून नेऊ, पण नेऊ. तिला आधी काही सांगायचं नाही, एकदम त्या दिवशी दाराशी खुर्ची आणून उभी करायची. अडचण एकच होती, वाट.

वाट कसली, मुळांची शिडी ती. दोन्ही बाजूंना स्प्रूसची जुनी झाडं, आणि या झाडाची मुळं खाली जात नाहीत, जमिनीलगत चटईसारखी पसरतात. त्यात हिवाळ्याच्या तोंडाला वादळ झालं आणि झाडांची रांगच्या रांग आडवी झाली. खोडं कापून नेली, मागं राहिले बुडखे. आणि नेमकं वाटेच्या मध्यावर, घर आणि सौना यांच्या बरोबर मधोमध, सर्वांत थोराड झाडाचा बुडखा बसला होता, खुर्चीएवढा उंच, जेवणाच्या टेबलाएवढा रुंद. पायी जाणारा माणूस त्याला वळसा घालून जाई. चाकांची खुर्ची कशी जाणार?

शहरातून मोठं मशीन मागवलं असतं तर सकाळी येऊन दुपारी काम उरकून गेलं असतं. पण मोठ्या मशीननं वाटेसकट अर्धं रानही उकरून नेलं असतं, आणि मुख्य म्हणजे ताइस्तो दुसऱ्याच्या मशीनवर भरवसा ठेवणारा माणूस नव्हता. त्याच्याकडं एक छोटा जुना ट्रॅक्टर होता. रुंदीला इतका बेताचा की वाटेवरून सहज जाई. फक्त त्याच्या मागं लावायला काहीतरी हवं होतं.

बर्फ वितळायला लागला तसं कोठारातून ग्राइंडरचं किंचाळणं सुरू झालं. रस्त्यावरचा बर्फ खरवडणाऱ्या गाडीचं झिजलेलं पातं त्यानं कुठून तरी पैदा केलं होतं. ते पोलाद म्हणजे पोलाद. त्याचा त्यानं हातभर लांबीचा आकडा केला, टोकाला अणकुचीदार, पुढं वाकलेला. तो एका जाड चौकोनी तुळईच्या मधोमध जोडला आणि तुळई ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टवर चढवली. लिफ्ट खाली केली की आकडा जमिनीत शिरणार, ट्रॅक्टर पुढं गेला की मुळं उपटणार. कागदावर सगळं झकास होतं.

पहिल्या दिवशी पेन्ती बघायला आला. आमच्याकडे कुणी वेल्डिंग केलं की शेजाऱ्याला वास येतो. तो कुंपणाशी खिशात हात घालून उभा राहिला.

ताइस्तोनं आकडा जमिनीत घातला आणि क्लच सोडला. आकड्यानं मूळ धरलं, घट्ट धरलं. मूळ हललं नाही. हलला तो ट्रॅक्टर. पुढची दोन्ही चाकं वर उचलली गेली आणि ताइस्तो आकाशाकडं तोंड करून बसला.

"हवामान कसं आहे वरती?" पेन्तीनं विचारलं.

"ढग आहेत," ताइस्तो म्हणाला आणि सावकाश क्लच दाबला.

पेन्ती आकड्याभोवती फिरून आला. "एकदा धरलं की सोडत नाही हा. माझ्या सासूसारखा आहे."

झालं. त्या दिवसापासून अवजाराचं नाव सासू पडलं. ताइस्तोनं ट्रॅक्टरच्या नाकाला दुधाचे जुने कॅन बांधले, आत काँक्रीट ओतून. पुढची चाकं जमिनीवर राहू लागली. मग त्यानं सासूला जाऊ आणली. पावाच्या सुरीसारखं दातेरी पातं होतं ते, जमिनीखालून आडवं जाऊन मुळं कापणारं. आधी जाऊबाईंनी मुळं तोडायची, मग सासूनं उपटायची. दोघींचं अगदी छान जमलं. प्रत्यक्षात असं कुठं बघायला मिळतं?

रोज थोडीथोडी वाट मोकळी होऊ लागली. पेन्तीही रोज येऊ लागला. मदत करतो असं तो एकदाही म्हणाला नाही, पण साखळी धरायचा, मुळं ओढून बाजूला टाकायचा आणि दमला की सासूच्या तुळईवर बसून कॉफी प्यायचा. तुळई बसायला मोठी सोयीची होती. लिफ्टनं वरखालीही करता यायची.

"तुझ्या एवढ्या यंत्रांत हे एकच बरं निघालं," पेन्ती तिच्यावर ऐसपैस बसत म्हणायचा. "चुकून."

घरात इर्या खिडकीशी बसून सगळं बघत होती. निदान ताइस्तोला तसं वाटत होतं. एकदा रात्रीच्या जेवणाला तळलेले छोटे मासे होते, ते वाढताना ती म्हणाली, "तो मधला बुडखा बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात."

ताइस्तोनं मान वर केली. "तुला वाटतं तो निघणार नाही?"

"असं मी कुठं म्हटलं?"

"म्हणजे निघेल असं वाटतं."

"तसंही म्हटलं नाही."

"मग काय म्हणतेस?"

"काही नाही. मोठा आहे. बसलाय. बसू दे की." तिनं त्याच्या ताटात आणखी मासे टाकले. "बटाटे घे."

ताइस्तोनं बटाटे घेतले. मनात मात्र चांगलाच चिडला. एवढी यंत्रं केली तरी बायकोला आपल्या आकड्याचा भरवसा नाही? थांब म्हणावं. तो बुडखा आता मुळासकट काढून दाखवला नाही तर नावाचा कुओस्मानेन नव्हे.

जरा सरळ विचारलं असतं तर उमगलं असतं. पण सौना बंद, मग विचारणार कुठं?

पुढच्याच आठवड्यात त्याला त्या मधल्या बुडख्यावर मेंढीच्या कातडीचा एक तुकडा पडलेला दिसला. नीट, मधोमध अंथरलेला. थंडीत बाकावर बसायला घेतो तसा. ताइस्तो पुटपुटला, "हा पेन्ती. आता इथंही मुक्काम ठोकायला लागला." आणि कातडी उचलून त्यानं कोठारात खिळ्याला अडकवली. दोनेक दिवसांनी ती पुन्हा बुडख्यावर दिसली. त्यानं पुन्हा उचलली. पेन्तीला काही बोलला नाही. एवढ्यातेवढ्यावरून काय बोलायचं?

मधला बुडखा काही साधा नव्हता. जाऊबाईंनी त्याच्या चारी बाजूंची मुळं कापली. सासूनं धरून ओढलं. तिच्या आकड्याचं टोक वाकलं, बुडखा तिथंच. ताइस्तोनं टोक तापवून सरळ केलं, वर आणखी एक पोलादाची पट्टी जोडली. परत ओढलं. या खेपेला लिफ्टची पिन तुटली. सण तोंडावर आला, भूर्जांना पानं आली, कोकिळा ओरडायला लागल्या, आणि बुडखा आपला बसलेला. ताइस्तोची झोप उडाली. इर्यानं एकदा विचारलंही, "सोडून का देत नाहीस?" ते ऐकून त्याच्या अंगात आणखीच संचारलं.

शेवटी पेन्तीनं रस्ता काढला, म्हणजे त्याच्या भाषेत काढला. तो म्हणाला, "माझ्या अंगणात मोडक्या ट्रकच्या चाकाची एक रिंग पडून आहे. बिनकामाची."

ताइस्तो लगेच ती आणायला निघाला. रिंग बुडख्याला टेकवून उभी केली. बुडख्याला खालून साखळी आवळली, ती रिंगवरून घेऊन सासूच्या आकड्यात अडकवली. आता ट्रॅक्टर पुढं ओढणार, पण साखळी रिंगवरून येत असल्यामुळं जोर लागणार तो वर. सणाच्या आदल्या दुपारी ताइस्तोनं क्लच सोडला. साखळी ताणली गेली, कॅनमधलं काँक्रीट कुरकुरलं, ट्रॅक्टर थरथरला. मग जमिनीखालून कडाड आवाज आला आणि तो थोराड बुडखा, पायाखालची माती घेऊन, म्हाताऱ्या माणसासारखा हळूच उठला आणि कुशीवर पडला.

ताइस्तोनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"आला," पेन्ती म्हणाला.

"आलेला दिसतोय," ताइस्तो म्हणाला. त्याला पेन्तीला मिठी मारावीशी वाटत होती. त्यानं त्याला सिगरेट दिली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी खड्डा भरला, वर बारीक खडी टाकली, दाबली. घरापासून तळ्यापर्यंत वाट अशी गुळगुळीत झाली की तिच्यावरून अंडं घरंगळत गेलं असतं. बुडखा त्यांनी ओढत नेऊन सौनामागं टाकला. ताइस्तोनं खुर्ची कोठारात नेऊन तिची बारीक चाकं काढली आणि जाड, हवेची चाकं बसवली. इर्यानं तिच्यावर वाळत घातलेले कोट काढून त्यानं नीट घडी करून ठेवले.

सणाच्या दिवशी दुपारनंतर त्यानं सौना पेटवला. किती महिन्यांनी धूर वर चढला. वाफेत अंगावर झोडून घ्यायला भूर्जाच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी बांधली, ती पाण्यात ठेवली. सरपण आणायला नेलेला ट्रॅक्टर सौनापाशीच उभा होता. दगड तापले तसा तो सदरा नीटनेटका करून वर घराकडं निघाला. कोठारातून खुर्ची घ्यायची, दाराशी न्यायची आणि म्हणायचं, चल. एवढा एकच शब्द तो सकाळपासून घोकत होता.

वळण घेतलं आणि तो जागीच थांबला.

वाटेच्या मध्यावर, घरातून न दिसणाऱ्या त्या जागी, इर्या उभी होती. खुर्चीबिर्ची काही नाही. हातात काठी, खांद्यावर टॉवेल, काखेत तो मेंढीच्या कातडीचा तुकडा. काठीवर दोन्ही हात टेकून ती समोरच्या गुळगुळीत खडीकडं बघत होती. अंगाचा सगळा भार तिनं काठीवर टाकला होता.

"इथं बुडखा होता," ती म्हणाली.

"होता." ताइस्तोला हसू आवरेना. "काढला काल. सबंध काढला."

"काढलास."

"तुला वाटत होतं निघणार नाही."

इर्यानं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि हे त्यानं उघड्यावर, दिवसाउजेडी कधी पाहिलं नव्हतं. "ताइस्तो, मला बसायचं होतं रे त्याच्यावर. मला एका दमात इथवरच येता येतं."

काखेतल्या कातडीकडं त्याचं लक्ष गेलं, आणि मग एकेक गोष्ट उलगडत गेली. कोठारात ग्राइंडर चालू आहे तोवर म्हातारा बाहेर येत नाही, हे ओळखून ती सबंध वसंतभर चालत होती. आधी पायरीपर्यंत, मग कुंपणापर्यंत, मग या बुडख्यापर्यंत. इथं बसायचं, दम घ्यायचा, परत फिरायचं. अर्धी वाट तिनं जिंकली होती. सणाला उरलेली अर्धी चालून, सौनाच्या दारात उभं राहून, ती त्याला चकित करणार होती. आणि यानं तिची बसायची जागा साखळी लावून उपटून फेकली होती. वर छाती फुगवून सांगितलं होतं.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खुर्ची आणतो," तो कसाबसा म्हणाला. "चाकं मोठी लावलीत. लगेच आणतो."

"नको." ती ठामपणे म्हणाली. "आज त्या खुर्चीतून खाली गेले तर मी जन्मात चालत जाणार नाही. मला माहीत आहे माझं."

"मग माझ्या खांद्यावर..."

"बसायला दे मला काहीतरी. लवकर."

ताइस्तो वळला आणि पळत सुटला. हा माणूस पळताना गावानं पाहिला नव्हता. ट्रॅक्टर सुरू केला आणि उलटा, मान मागं वळवून, वाटेवरून वर चढवत आणला. इर्यापासून हातभर अंतरावर थांबवला. लिफ्ट खाली केली. आकडा कालच दाबलेल्या खडीत कचकन घुसला, तुळई खाली खाली आली आणि खुर्चीच्या उंचीला थांबली. त्यानं इंजिन बंद केलं. कातडी तिच्या काखेतून घेतली, तुळईवर मधोमध अंथरली, तशीच जशी ती अंथरायची.

इर्या त्याचा हात धरून बसली. डोळे मिटून तिनं लांब श्वास घेतला. ताइस्तो टोपी हातात धरून पुढं उभा होता.

"हीच का ती सासू?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"हीच."

"बरी आहे की. माझी इतकी मऊ नव्हती."

ताइस्तोला हसावं की रडावं कळेना. त्याची आई होती ती. तो हसला.

दम घेऊन झाल्यावर ती उठली. ताइस्तोनं हात पुढं केला, तिनं काठी पुढं टाकली. उरलेली वाट ती चालली, थांबत थांबत, पण चालली. खडी गुळगुळीत होती, एकही मूळ आडवं आलं नाही. सौनाच्या दारात तिनं चौकटीवर हात ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला.

आत दोघं बाकावर शेजारी शेजारी बसली. ताइस्तोनं दगडांवर पाणी टाकलं, वाफ उसळली आणि तिचं तोंड दिसेनासं झालं. मग तो बोलला.

"मी तुला हात टेकलेली समजलो. भीती वाटत होती मला. तुझ्याशिवाय इथं बसायची भीती वाटत होती. धुराड्याला काही झालं नव्हतं."

"माहीत आहे. धुराडं दुरुस्त करायला कुणी चढलं नाही. त्यावर पाखरं बसायची, ती मी मोजायची."

"मग मला सांगितलं का नाहीस? चालतेस ते? त्या बुडख्याचं? एक शब्द बोलली असतीस, मी त्याला हातसुद्धा लावला नसता."

वाफेतून इर्याचा हात आला आणि त्याच्या गुडघ्यावर बसला.

"कुठं सांगणार होते?" ती म्हणाली. "सौना बंद होता ना."

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्ती कुंपणाशी आला तेव्हा ताइस्तो वाटेच्या मधोमध, जराशा कडेला, खड्डा खणत होता. सासूच्या आकड्याला साखळीनं बांधलेला तो थोराड बुडखा मागं उभा होता, मुळं खाली, तोंड वर. पेन्तीनं खिशात हात घालून सगळं नीट बघून घेतलं.

"परत लावतोयस?"

"लावतोय," ताइस्तो म्हणाला. मग कुदळ टेकवून त्यानं सरळ पेन्तीच्या तोंडाकडं पाहिलं आणि सावोत न शोभणारं वाक्य भर उन्हात बोलून टाकलं. "माझ्या बायकोला बसायला लागतो. जरा धर ती साखळी, मला मदत पाहिजे."

पेन्ती कुंपण ओलांडून आला आणि त्यानं साखळी धरली.